दुखलं की थांबा

थांबा.

दचकू नका, मी दरडावत नाही, नाव सांगतोय. मी चढावरचा बसथांबा बोलतोय. खुर्चीला कुणी ‘बसा’ म्हणत नाही, दाराला कुणी ‘या’ म्हणत नाही. मला मात्र जन्मापासून हुकूमच नाव म्हणून मिळाला. आणि याच नावापायी एका भल्या माणसाचा पाय जायची वेळ आली होती. तेच सांगायला तोंड उघडलंय, नाहीतर मी बोलणाऱ्यांतला नाही.

शाळेत मी गेलो नाही. कोण नेणार? दोन्ही पाय सिमेंटमध्ये. पण लोकांनी माझ्या बाकावर विसरलेली वर्तमानपत्रं वाऱ्याने उलटली आणि मी वाचली. शिकलेल्यांच्या गप्पा ऐकल्या, न शिकलेल्यांची भांडणं ऐकली. शहाणपण बहुतेक भांडणांतच होतं. तेव्हा लोखंडाला काय कळतं, असं म्हणायचं असेल तर शेवटी म्हणा.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला, ठिणग्यांच्या कल्लोळात. दोन लोखंडी नळ, वर पत्रा, खाली तीन फळ्यांचा बाक, एवढाच माझा देह. टेम्पोत आडवा टाकून मला इथे आणलं आणि चढाच्या बरोबर मध्यावर पुरलं. खालच्यांना आणि वरच्यांना सारखंच लांब पडावं म्हणून. दोघांनीही नावं ठेवली. न्याय केला की असंच होतं.

पाटी रंगवायला आला तो पेंटर. चढाच्या पायथ्याशीच त्याचं घर. तेव्हा या भागात जिकडे बघाल तिकडे त्याचीच अक्षरं होती, दवाखान्यावर, गिरणीवर, शाळेवर, ‘येथे थुंकू नये’च्या भिंतीवरसुद्धा. शिडी न लावता तो माझ्या बाकावर चढला. ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट, एक डोळा बारीक. ‘थ’चा गोल त्याने असा काही फिरवला की रस्त्याने जाणारी माणसं उभी राहिली.

खालून आवाज आला, “अहो, बसथांबा आहे तो, लग्नपत्रिका नाही. आटपा आता.”

ही त्याची बायको. इस्त्रीवाली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान. बाई उंचीला बेताची, पण आवाज असा की चढ चढून माझ्यापर्यंत येतो आणि वाटेत त्याला धाप लागत नाही. तिच्या घरातलं सगळं मला कळतं ते त्यामुळे. मी कान लावायला जात नाही. लावायची गरजच पडत नाही.

माझे चांगले दिवसही होते. सकाळी माझ्या पत्र्याखाली उभं राहायला जागा नसायची. बस ज्या बाजूने येणार त्या बाजूला सगळ्यांच्या माना वळलेल्या, जणू बघितल्याने ती ओढली जाते. जो उशिरा येतो तो पहिला विचारतो, “गेली का?” आणि जिला बाकावर जागा मिळते ती आधी पिशवीला बसवते, मग स्वतः टेकते. माणसांना वाट बघता येत नाही, हे मी इतकी वर्षं बघितलं. कळ काढा म्हटलं की ती घड्याळ काढतात.

मग मागच्या बाजूला रुंद रस्ता झाला आणि बस तिकडून जायला लागली. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. दोन-तीन दिवस मीही त्या बाजूला बघत राहिलो. पुढे कुणीतरी माझा पत्रा उतरवून नेला, वादळात उडाला असं म्हणायची सोय ठेवून. बाक राहिला, पाटी राहिली. भाजीच्या पिशव्या टेकवायला, बुटाची नाडी बांधायला लोक येत. मी म्हटलं, असू दे. निवृत्त माणसालाही घरात काहीतरी काम सांगतातच.

पेंटरचंही तेच झालं होतं. छापील फलक आले, ब्रश वाळले. पण त्याचा एक नेम सुटला नव्हता. चढ संपतो तिथे त्याच्या लेकीचं घर आहे. दुपारचा चहा तिच्या हातचा. रोज माझ्यासमोरून तो वर जायचा, मान ताठ, चप्पल वाजवत.

एके दिवशी तो माझ्यापाशी थांबला. पाटीकडे वर बघत उभा राहिला. मला वाटलं, जुनी ओळख निघाली. दुसऱ्या दिवशी तेच. मग माझ्या ध्यानात आलं की तो गिरणीच्या पाटीखालीही असाच थांबतो, दवाखान्याच्या पाटीखालीही. मान वर, डोळे अक्षरांवर, आणि हात हळूच खाली पोटरीवर. पोटरीत आतून कुणी पकड आवळावी तशी कळ यायची. उभं राहिलं की मिनिटा-दोन मिनिटांत जायची. चाललं की परत हजर. हे लपवायला त्याने आपलीच अक्षरं कामाला लावली होती. बघणाऱ्याला वाटावं, कारागीर आपलं जुनं काम तपासतोय.

बायकोला असं फसवता येत नसतं.

“स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचताय? अजून पाठ झालं नाही?” तिने खालून विचारलं.

“वेलांटी जरा चुकलीय, ती बघत होतो.”

“‘थांबा’मध्ये वेलांटी कुठली हो?”

पेंटरने पोटरीवरचा हात चटकन काढला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं.

पुढचं मी इस्त्रीच्या गिऱ्हाइकांबरोबर ऐकलं. “पायाची रक्ताची नळी आतून बुजत आलीय,” ती सांगायची. “क्षाराचं पाणी येऊन नळ कसा आतून भरत येतो ना, तसं. चाललं की पोटरी रक्त मागते, आणि तेवढं पोचत नाही.” डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सिगारेट बंद केली. ती बंद कशी होते हे तिने त्याच दिवशी दाखवलं. घरातली सगळी पाकिटं कपड्यांच्या खळीच्या बादलीत बुडवली आणि वर ढवळलं. चालण्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी दोघांना व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. पाय नाही सुधारला तर पुढे ऑपरेशनचं बघावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन हा शब्द आला की इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री क्षणभर थबकायची. का, तेही तिने एकदा सांगितलं, कुणीतरी सहज “होईल हो बरं” म्हटलं तेव्हा.

“माझ्या बापालाही सगळे असंच म्हणाले होते. काही नाही, चालून चालून फोड आलाय. मग बोट काळं पडलं. बोटावरून पंजा, पंजावरून गुडघा. उरलेला माणूस आम्ही खाटेवर जपला. त्याला खाज सुटायची, नसलेल्या पायाला. मी खाजवू कुठे?”

गिऱ्हाइकाने कपडे उचलले आणि ते निघून गेलं.

आता हिला नवऱ्याचा पाय वाचवायचा होता, आणि वाचवायचा म्हणजे जपायचा, असं तिचं गणित. या गणिताला आधार मिळाला तो व्यायामाच्या बाईंच्याच तोंडून. त्या म्हणाल्या होत्या म्हणे, दुखलं की थांबा.

झालं. इथे ‘ध’चा ‘मा’ कुणी केला नाही. शब्द होता तसाच घरी आला. फक्त त्याच्या पुढचं-मागचं तिथेच राहिलं. पेंटर दाराबाहेर पडला, विजेच्या खांबापाशी त्याने पोटरीला हात लावला, की खालून हाक यायची, “दुखलं ना? थांबा. बसा घरी येऊन.” आधी खांबापर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत, मग खुर्चीतून उठेपर्यंतच. दुकानात इस्त्रीच्या टेबलाजवळ तिने त्याची खुर्ची मांडली, पायाखाली स्टूल, स्टुलावर उशी.

“पेंटर, आराम चाललाय वाटतं,” येणारा-जाणारा म्हणायचा.

“आराम कसला, जप्ती आलीय,” तो म्हणायचा.

लेक थर्मासमध्ये चहा घेऊन खाली यायला लागली. तो चहा घ्यायचा, पण तिच्याकडे न बघता. “बाबा, रोज मी येत जाईन की.” “येशील गं. पण मग तो तुझ्याकडचा चहा कसा?” लेक कप विसळून निघून जायची. जाताना माझ्या बाकावर घटकाभर बसायची आणि रिकामा थर्मास उगाच हलवून बघायची.

महिने गेले. एका दुपारी इस्त्रीवाली कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेली आणि पेंटरने दुकानाबाहेर डोकावून पाहिलं, एखादं पोर बघतं तसं. मग निघाला. अहो, जो माणूस माझ्यावर शिडीशिवाय चढला होता, त्याचं ते चालणं. खांबापाशी थांबला. गिरणीपाशी थांबला, पाटीकडे बघायचं सोंगसुद्धा न करता. पोटरी बारीक झालेली, ओठ आवळलेले. माझ्यापर्यंत आला आणि बाकावर पडलाच.

बाकावर आधीच कुणीतरी होतं. तरणी बाई, खांद्याला पिशवी, मान बसच्या दिशेला वळलेली. माझ्याकडे नवखी असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

“बाई, इथे बस येत नाही,” पेंटर दम घेत म्हणाला.

“मग पाटी कशाला ठेवलीय?”

“ती माझ्या हातची आहे. बस बंद झाली. अक्षर नाही.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “पेंटरकाका? तुम्ही परत आलाच नाहीत. मी दवाखान्यातली, व्यायामाची. आणि एवढ्याशा चालीने ही दशा? रोज चालताय ना?”

“आज चाललो. चोरून.”

“चोरून म्हणजे?”

“हळू बोला. बायकोचे कान चढ चढतात.”

उशीर झाला होता. इस्त्रीवाली रिकामं गाठोडं खांद्यावर टाकून परत येत होती. रिकामी खुर्ची तिने पाहिली, मग चढाकडे पाहिलं. त्यानंतर ती ज्या वेगाने वर आली, तो मी बसचासुद्धा कधी पाहिला नव्हता.

“उठा. रिक्षा बोलावते. दुखतंय ना? तोंडावर दिसतंय.”

“काकू,” व्यायामाच्या बाई म्हणाल्या, “यांना घरी बसवायला कुणी सांगितलं?”

“तुम्ही. दुखलं की थांबा, असं नाही म्हणालात?”

“म्हणाले. दुखेपर्यंत चाला, चांगलं दुखलं की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. असं तीनदा म्हणाले.”

“थांबा एवढं ऐकलं आणि मी उठून निघाले. थांबा म्हणजे थांबा. त्याच्यापुढे काय असतं?”

बाईंनी वर माझ्या पाटीकडे बोट केलं. “इथे बस थांबायची, तेव्हा ड्रायव्हर किल्ली काढून घरी जायचा का?”

“एक जायचा. समोर चहा प्यायला.”

“आणि मग?”

“मग काय. यायचा आणि न्यायचा बस वर.” हे बोलता बोलताच तिचा आवाज खाली आला. पण हार मानणाऱ्यांतली ती नव्हती. “बस लोखंडाची असते, बाई. माझ्या बापालाही कळच आली होती.”

“त्यांना झोपल्यावर दुखायचं? बोटाला जखम होती, भरत नसलेली?”

“दोन्ही.”

“ते वेगळं, काकू. तसं काही यांना झालं, बसूनही दुखायला लागलं, पाय काळानिळा किंवा गार पडला, तर एक दिवसही वाट बघू नका, सरळ आणा. पण यांची कळ बसल्यावर जाते. ही कळ म्हणजे पाय मोडतोय असं नाही. पोटरी शिकतेय.”

“काय शिकतेय?”

“थोड्या रक्तात जास्त काम करायला. मोठा रस्ता अडलाय, तो चालून मोकळा होत नाही. बाजूच्या गल्ल्या रुंद होतात असं काहीजण म्हणतात, काहीजण नाही म्हणतात. पण नेमाने चालणारा माणूस पुढे जास्त लांब चालतो, हे मी रोज बघते. न चालणाऱ्याचा पाय कसा होतो ते तुम्ही बघताय.”

मी मनात म्हटलं, खरं आहे. बस दुसऱ्या रस्त्याने गेली म्हणून मी मेलो नाही.

“हमी देता?” इस्त्रीवालीने विचारलं.

“नाही देत. नाही जमलं तर ऑपरेशनचा विचार आहेच, आणि त्यात पाय कापत नाहीत, नळी मोकळी करतात. पण ती वेळ यायच्या आधी हा उपाय करून तर बघा.”

“आणि त्यांना कळ येताना मी बघत राहायचं?”

“बघवत नसेल तर बघू नका. पण अडवू नका.”

इस्त्रीवालीने खांद्यावरचं फडकं घडी करून काखेत मारलं. मग तिने नवऱ्याला विचारलं, “गेली का कळ?”

“गेली.”

“मग उठा. रिक्षा नको.”

दुसऱ्या दिवसापासून चढावर नवाच तमाशा. आधी “बसा” म्हणून ओरडणारी बाई आता “उठा” म्हणून ओरडायला लागली. शेजाऱ्यांना वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलं. तिने त्याची चप्पल काढून घेतली आणि मऊ, पायाला न लागणारे बूट आणले. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर त्याला बसवून ती चष्मा लावायची आणि त्याचे तळवे बघायची, बोटांच्या बेचक्यासकट. शर्टाच्या कॉलरवरचा मळ शोधावा तशी.

“लाज वाटते गं. लोक बघतात.”

“बघू देत. तुमचे पाय मी बघते, त्यांचं त्यांनी बघावं.”

पण तो चढायला लागला की ती पाठ फिरवायची. खांबापाशी त्याची चाल मोडायची, दात आवळून तो आणखी थोडं ओढायचा, मग थांबून उभा राहायचा. त्या वेळी ती तोच एक शर्ट पुन्हा पुन्हा दाबत असायची. एकदा धूर निघाला. इतक्या वर्षांत तिच्या हातून कापड भाजलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा तिने शर्ट समोर धरला. “भाजला. कान बाहेर होते माझे.” माणूस भला होता. म्हणाला, “आतून घालीन, वहिनी.”

तुम्हाला वाटत असेल, आता पेंटर बरा होत गेला आणि गोष्ट संपली. असं वर्तमानपत्रात होतं. काही आठवडे तो बरा चढला, मग अडकला. कितीही केलं तरी गिरणीच्या पुढे कळ येणारच. एका दुपारी तो तिथूनच परत फिरला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “पुरे. पाय माझा आहे. ठेवायचा की द्यायचा, मी बघेन. रोज स्वतःला दुखवून घ्यायला कुणी सांगितलंय?”

इस्त्रीवालीने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती विरघळणार. तिलाही हेच हवं होतं की. स्टूल तिथेच होतं, उशी धुऊन वाळत होती. चार दिवस तिने “उठा” म्हटलं नाही आणि तो चढाला लागला नाही.

पाचव्या दिवशी पेंटर दाढी करायला शेजारच्या नाक्यावर गेला होता, तेवढ्यात तिने इस्त्री बंद केली, दुकान ओढून घेतलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग चढाला लागली. माझ्या बाकावर येऊन बसली, आयुष्यात पहिल्यांदा. मधली फळी करकरली. तिला वजन होतं, आणि त्यात शरीराचा वाटा थोडाच होता.

पेंटर परत आला, कुलूप पाहिलं. “अगं, किल्ली?”

“माझ्याकडे आहे.” तिने वरून सांगितलं.

“खाली टाक.”

“या आणि घ्या.”

“वेड लागलंय का तुला? लोक हसतायत.”

“हसू देत. दुखलं की थांबा. मग या.”

तो बराच वेळ दारात उभा राहिला. खरं म्हणजे शेजाऱ्यांकडे बसला असता तर कुणीही पाणी दिलं असतं. पण मानी माणसाला शेजारी बसवत नाही. तो निघाला. खांब. मग गिरणी. गिरणीपाशी पोटरीने त्याला धरलं, पण तो लगेच थांबला नाही. रागाने आणखी काही पावलं टाकली, भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसत होता. घाम, आवळलेला जबडा, मिटलेले डोळे.

तिलाही दिसत होता. मी तिच्याकडे बघत होतो, आता पाठ फिरवेल म्हणून. तिची बोटं माझ्या फळीच्या कडेला रुतली होती. तोंड फिरवलं नाही तिने. सगळी कळ बघितली, आल्यापासून जाईपर्यंत. त्याने डोळे उघडले आणि तिला बघताना पाहिलं. मग तो पुन्हा चालायला लागला.

बाकावर येऊन टेकला तेव्हा तिने किल्ली त्याच्या हातात दिली.

“कैदाशीण आहेस,” तो म्हणाला.

“आहे. फार दुखलं का हो?”

“दुखलं.”

“दिसलं मला.”

बास. एवढंच बोलणं. त्यानंतर त्याने पुरे म्हटल्याचं मी ऐकलं नाही, आणि तिने पाठ फिरवल्याचं मी पाहिलं नाही. ती रोज त्याच्याबरोबर निघायला लागली, दुकानाच्या दाराला ‘येते’ एवढी पाटी लटकवून. त्यानेच लिहिली होती. दोघं थांबत थांबत यायची. तो कळ जायची वाट बघायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे. मग तिने वाट बघत बघत इतर गोष्टीही बोलायला सुरुवात केली, कुणाचा शर्ट फाटका, कुणाची सून आगाऊ. कळ कधी गेली हे दोघांनाही कळायचं नाही.

गिरणी मागे पडली. मग एक दिवस मी मागे पडलो. दवाखान्यात पुन्हा तपासलं. नळी होती तशीच होती, अरुंद. पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही, हे चाललंय ते चालू ठेवा. आयुष्यभर. “आयुष्यभर म्हणजे किती हो?” असं पेंटरने विचारलं म्हणे. बायको म्हणाली, “मी सांगेन तेवढं.”

परवाची गोष्ट. दोघं माझ्यापर्यंत आली. तो न थांबता पुढे निघाला आणि तीच थांबली. गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत. ज्या आवाजाला कधी धाप लागली नाही, त्याच्या मालकिणीला लागली.

“काय झालं गं?” तो मागे वळला.

“काही नाही. वय झालं. तुम्ही व्हा पुढे.”

“एकटा?”

“चहा वरच आहे ना? की तोही खाली आणायचा?”

तो गेला. वळणाच्या आधी त्याची चाल मोडली. तो उभा राहिला, पोटरीवर हात. ती बाकावरून अर्धी उठली, तोंड उघडलं. मी वाट बघत होतो त्या हाकेची, जी मी खालून कितीदा ऐकली होती. हाक आली नाही. ती तशीच अर्धवट उभी राहिली, तो पुन्हा चालायला लागेपर्यंत. वळण आलं आणि तो दिसेनासा झाला.

मग ती बसली. कपाळ पुसलं. स्वतःची चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि तळवा बघितला, रोज त्याचा बघते तसा. तिथे बरंच काही होतं, भेगा, घट्टे, एक जुना भाजल्याचा डाग. इतकी वर्षं उभ्याने इस्त्री करणाऱ्या पायांकडे कुणी पाहिलं नव्हतं, तिने स्वतःही नाही.

फोन वाजला. लेकीचा.

“आई, बाबा आलेत. एकटेच आलेत. चालत.”

“माहितीय.”

“तू कुठेस?”

“थांब्यावर. बसलेय जरा.” मग चप्पल पायात सरकवत म्हणाली, “चहा दे त्यांना. आणि फार वेळ बसवू नकोस. कळ गेली असेल आता.”

तर अशी ही माझी कहाणी. पत्रा गेला तो गेलाच. नळ गंजलेत, मधली फळी कधीही दगा देईल. पेंटर हल्ली माझ्याकडे टेकत नाही. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ज्याचं काम टेकू द्यायचं, त्याच्यावर कुणी कायमचं बसून राहिलं तर ते त्याच्या कामाचं यश म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा.

तुमच्यापैकी कुणी चढावर पोटरी धरत असेल तर वय झालं म्हणून गप्प बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी चाला म्हटलं तर चाला. दुखेल. घरचे रडतील, ओरडतील, किल्ल्या लपवतील. त्यांनाही दुखतं, त्यांच्यासाठी पाटी कुणी लिहिलेली नसते.

निरोप घ्यायचा तर निघावं लागतं, आणि ते मला जमत नाही. तेव्हा तुम्हीच निघा. बराच वेळ बसलात.